‘श्यामची आई’ : मुलग्यांच्या चारित्र्यघडणीचा पुनर्विचार

प्रस्तावना

मुलीला वळण लावावे लागते आणि मुलगा आपोआप वाढतो, असा एक समज मराठी समाजाच्या बोलण्यात खोल रुजलेला आहे. मुलीने कसे बसावे, किती हसावे, कोणाशी बोलावे यांविषयीचे नियम म्हणींत, ओव्यांत आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी सतत ऐकू येतात. मुलग्याने चांगला पुरुष व्हावे म्हणून काय करावे, याविषयी मात्र इतक्या तपशिलाने बोलले जात नाही. या एकतर्फी न्यायाला मराठीत पहिले परखड आव्हान बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी दिले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेच्या खटल्यानंतर स्त्रीजातीवर जी टीका झाली, तिच्या संतापातून त्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. स्त्रियांच्या माथी मारले जाणारे दुर्गुण पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा सवाल होता. पुरुष सदाचारी व्हावा असे वाटत असेल तर मुलगा कसा वाढवावा, हा प्रश्न त्या सवालाच्या पोटातच दडलेला आहे.

या प्रश्नाला मराठी गद्याने दिलेले सर्वांत लोकप्रिय उत्तर म्हणजे साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात या ग्रंथाचा मोठा भाग लिहिला गेला आणि १९३५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. २०२३ मध्ये सुजय डहाके यांच्या दिग्दर्शनाखाली हाच विषय पुन्हा पडद्यावर आला. शाळेतील कथाकथन, वक्तृत्व स्पर्धा, संस्कार शिबिरे आणि बक्षिसादाखल दिली जाणारी पुस्तके यांत या ग्रंथाचे स्थान अढळ आहे. परंतु जे पुस्तक सर्वांना माहीत असते, ते पुन्हा वाचण्याची गरज कोणालाच वाटत नाही. ‘श्यामची आई’ हे मातृमहिमा गाणारे पुस्तक आहे, असा एक ठरीव अर्थ रूढ झाला आणि त्यामागे ग्रंथाचे मूळ म्हणणे झाकले गेले.

प्रस्तुत लेखात या ग्रंथाकडे मुलग्याच्या चारित्र्यघडणीचे पुस्तक म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. ग्रंथाच्या संहितेत मुलगा उपदेशाने घडत नाही. तो आईच्या कामात वाटेकरी होऊन आणि बापाचा संयम पाहून घडतो. रूढ वाचनाने या दोन्ही गोष्टी वगळल्या आणि घडणीचा सगळा भार एकट्या आईवर टाकला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावसारख्या गावाच्या संदर्भात हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही. या डोंगराळ पट्ट्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. आईच सहा महिने घरी नसेल तर मुलग्यांवर संस्कार कोणी करायचे, हा तेथे रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे.

ग्रंथाची घडण : पुरुषांनी पुरुषांना सांगितलेली गोष्ट

‘श्यामची आई’ची रचना बेचाळीस रात्रींची आहे. आश्रमातील प्रार्थना आटोपल्यावर श्याम आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. आई हयात नाही आणि सांगणारा आता प्रौढ आहे. ऐकणारे बहुतांशी तरुण मुलगे आहेत. या चौकटीकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. वरवर पाहता हे आईचे चरित्र आहे. चौकटीसह पाहिले तर ती एका पुरुषाने इतर पुरुषांना सांगितलेली, आपण कसे घडलो याची कबुली आहे. कथा सांगताना श्यामचा कंठ दाटून येतो, श्रोत्यांचेही डोळे भरतात. भावविवशतेचा आक्षेप या पुस्तकावर वारंवार घेतला गेला आहे आणि तो सर्वस्वी निराधारही नाही. काही प्रसंगांत अश्रूंचा पाट खरोखरच मूळ प्रसंगाला बुडवून टाकतो. पण मर्द रडत नसतो असे मुलग्यांना बजावणाऱ्या समाजात, तरुणांच्या मेळ्यासमोर एक पुरुष संकोच न बाळगता रडतो आणि त्यात त्याची मानहानी होत नाही, हा या चौकटीचाच एक संस्कार आहे.

दुसरी लक्षणीय बाब म्हणजे श्याम स्वतःचे दोष लपवत नाही. तो भित्रा आहे, हट्टी आहे, घरातून पळून जाणारा आहे. ‘मोठा होण्यासाठी चोरी’ या रात्री तर तो पुस्तकाच्या ओढीने केलेल्या चोरीची कबुली देतो. आदर्श बालकाचे चित्र रंगवणे हा ग्रंथाचा हेतू नाही. चुका करणारा मुलगा कोणत्या वाटेने सावरला, हे सांगणे हा आहे. म्हणूनच या पुस्तकातून फक्त सुविचार वेचून फळ्यावर लिहिले की त्याचा प्राण जातो.

संस्कार : शब्दांतून की कामातून?

‘श्यामची आई’तील संस्काराचे स्वरूप तपासले असता असे दिसते की बहुतेक ठिकाणी आधी हाताला काम मिळते आणि मग शब्द येतो. ‘पत्रावळ’ या रात्री श्यामला पत्रावळ लावता येत नाही. ती येईपर्यंत त्याच्या आळसाला घरात क्षमा नाही. स्वावलंबनावर व्याख्यान देण्याऐवजी पाने आणि चोय त्याच्या हाती येतात. ‘मुकी फुले’मध्ये पूजेसाठी उमलण्याआधीच कळ्या खुडणाऱ्या मुलाला आई थांबवते आणि आपल्या भक्तीसाठी दुसऱ्याचे उमलणे हिरावून घेऊ नये हे त्याला उमगते. ‘थोर अश्रू’मध्ये तळपायांना माती लागू नये म्हणून आई आपले लुगडे पसरते, पायांना जसे जपतोस तसे मनाला जप, हा बोध त्यानंतर येतो. या तिन्ही प्रसंगांत बोध हा कृतीच्या शेवटी उरलेला अर्थ आहे. तो आधीपासून तयार ठेवलेला पाठ नाही.

या दृष्टीने ‘अर्धनारी नटेश्वर’ ही तेविसावी रात्र संपूर्ण ग्रंथाचा गाभा मानावी लागेल. मुलगा आईच्या घरकामात हात लावतो, तिच्यासोबत जात्यावर बसतो, दळताना ओव्या म्हणतो. या प्रसंगावरून श्याम जो विचार मांडतो तो आजही धीट वाटावा असा आहे. पुरुषाने स्त्रीचे काम आणि तिचे गुण घेतल्याशिवाय तो पूर्ण माणूस होत नाही, आणि स्त्रीच्या बाबतीतही हेच खरे, असा त्याचा आशय आहे. कोमलता हा पुरुषातील उणेपणा नसून त्याच्या पूर्णतेची अट आहे, असे येथे सुचवले जाते. या आशयाला दिलेले नाव शिवाच्या रूपावरून घेतलेले आहे. त्यामुळे हा विचार कोठून तरी उसना आणल्यासारखा वाटत नाही. तो परंपरेच्या घरातूनच पुढे येतो.

येथे पाश्चात्त्य शिक्षणविचारातील एका प्रसिद्ध ग्रंथाशी तुलना उद्बोधक ठरेल. रूसोने १७६२ मध्ये ‘एमिल’ लिहून मुलग्याच्या घडणीचा आराखडा मांडला. एमिललाही पुस्तकी पाठापेक्षा अनुभवातून शिकवले जाते; त्याला सुतारकाम शिकायला लावले जाते. श्रमाची प्रतिष्ठा हा दोन्ही ग्रंथांतील समान धागा आहे. परंतु एमिलची घडण एका पुरुष शिक्षकाच्या हाती आहे आणि त्याने शिकलेले काम पुरुषी कारागिरीचे आहे. घर सांभाळण्यासाठी सोफी नावाची मुलगी वेगळी वाढवली जाते आणि तिची घडण एमिलच्या सोयीने ठरते. श्याम सुतारकाम शिकत नाही, तो दळायला बसतो. फरक लहान दिसला तरी त्यातून निघणारा पुरुष वेगळा आहे. एमिल स्वतंत्र नागरिक होतो, पण घरातील कष्ट त्याच्यालेखी दुसऱ्याचेच राहतात. श्यामला घरातील कष्टांचे वजन स्वतःच्या खांद्यात जाणवते.

साने गुरुजींच्या चरित्रातही याचा पडताळा मिळतो. १९२४ पासून अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना ते विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे काम पाहत. मुलांच्या खोल्या झाडणे, अस्ताव्यस्त पडलेले सामान लावणे, आजारी मुलाजवळ रात्र काढणे ही त्यांची रीत होती. समाजाने त्यांना ‘मातृहृदयी’ म्हटले. गौरवाच्या या शब्दात एक चलाखीही लपलेली आहे. पुरुषाने मायेने दुसऱ्याचे अंथरूण आवरले तर त्याला आईचे हृदय लाभले असे म्हणायचे, म्हणजे इतर पुरुषांनी ते न करण्याची सोय आपोआप होते. गुरुजींनी जो गुण प्रत्येक मुलग्यात यावा म्हणून लिहिले, तो समाजाने एका व्यक्तीचा अपवाद म्हणून देव्हाऱ्यात बसवला.

अळणी भाजी आणि बापाचे मौन

‘श्यामची आई’त बाप नाही, असा एक गैरसमज आढळतो. पुस्तकाच्या नावाने तो वाढवला आहे. वस्तुतः भाऊ या ग्रंथात सतत आहेत. ‘उदार पितृहृदय’ ही एक स्वतंत्र रात्रच त्यांच्या नावाने आहे. पण मुलग्याच्या घडणीच्या दृष्टीने ‘अळणी भाजी’ हा प्रसंग अधिक महत्त्वाचा ठरतो.

प्रसंग साधा आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. भाऊ जेवायला बसतात, भाजी अळणी आहे हे त्यांना कळते, तरी ते काही बोलत नाहीत. त्यांचे पाहून मुलेही गप्प जेवतात. सर्वांच्या मागून आई जेवायला बसते तेव्हा तिला चूक कळते. ज्या घरात भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट भिरकावले जाते, त्या घरातील मुलगा काय शिकतो हे वेगळे सांगायला नको. भाऊंनी येथे मुलांना एक शब्दही सांगितलेला नाही. रांधणारीच्या कष्टांची जाण ठेवावी, तिला खजील करू नये, हा धडा त्यांनी घासागणिक दिला. मुलगा आईच्या उपदेशाकडे दुर्लक्ष करू शकतो. बाप आईशी कसा वागतो, हे मात्र तो कळत नकळत उचलतो. घरातील स्त्रीशी पुरुषाने कसे वागावे याचे प्रात्यक्षिक देणे बापालाच शक्य असते.

संस्कार शिबिरांतून आणि व्याख्यानांतून ‘श्यामची आई व्हा’ असे आवाहन मातांना केले जाते. ‘श्यामचे भाऊ व्हा’ असे बापांना सांगितल्याचे क्वचितच ऐकू येते. ग्रंथातील अर्धा धडा असा गाळला गेला आहे. मुलगा बिघडला की आईला बोल लावण्याची रीत या अर्धवट वाचनावरच पोसली जाते.

ग्रंथाच्या मर्यादा

ग्रंथाविषयीचा आदर राखूनही त्याच्या मर्यादा नोंदवणे समीक्षेचे कर्तव्य आहे. पहिली मर्यादा अक्काच्या संदर्भात जाणवते. श्यामने दळले तर ती त्याच्या चारित्र्याची खूण ठरते. घरातील मुलीने हेच काम करणे मात्र गृहीतच असते. त्याची वेगळी कथा होत नाही. अक्का ग्रंथात ठळकपणे येते ती तिच्या लग्नाच्या निमित्ताने. मुलग्याच्या वाट्याला आलेला सद्गुण आणि मुलीच्या वाट्याला आलेले कर्तव्य यांतील ही तफावत ग्रंथाने प्रश्न म्हणून पाहिलेली नाही.

दुसरी मर्यादा माराविषयीची आहे. ‘श्यामचे पोहणे’मध्ये विहिरीला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई बाहेर ओढते, मारते आणि पोहायला पाठवते. नंतर ती त्याला जवळ घेऊन, लोकांनी भित्रा म्हटलेले तुला आवडले असते का, असे विचारते. या प्रसंगात आईची तळमळ खरी आहे. परंतु धैर्य मारून शिकवता येते, असा जो निष्कर्ष अनेक घरांनी यातून काढला, तो आजच्या बालशिक्षणाच्या विचारात टिकणारा नाही. शिवाय भित्रेपणाची लाज हे हत्यार मुलग्यांवर फार सहज चालवले जाते. ‘अर्धनारी नटेश्वर’मधील कोमलतेच्या विचाराशी हा प्रसंग पूर्णपणे जुळत नाही, हे मान्य केले पाहिजे.

तिसरी आणि सर्वांत गंभीर मर्यादा जातीची आहे. ‘देवाला सारी प्रिय’मध्ये अस्पृश्य समाजातील एका म्हातारीच्या डोक्यावरची मोळी पडते. आई श्यामला ती उचलून देण्यास सांगते. त्याचबरोबर घरी येऊन अंघोळ करण्यासही सांगते. आईच्या मनात करुणा आहे; पण रूढीचा पाश तिने तोडलेला नाही. गुरुजींनी हा प्रसंग सोवळा करून लिहिला नाही, जसा होता तसा ठेवला, हे त्यांचे प्रामाणिकपण. याच लेखकाने पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून प्राणांतिक उपोषण केले. त्या मोळीपासून या उपोषणापर्यंतचे अंतर श्यामने स्वतः चालून ओलांडले. मुलगा खऱ्या अर्थाने घडला याचा पुरावा कोणता, तर आईने जेथे थांबावे लागले तेथून तो पुढे गेला. मातृभक्तीचा अर्थ आईच्या प्रत्येक मर्यादेचे जतन असा केला, तर हा मुद्दा कायमचा हातून सुटतो.

‘झोंबी’ आणि ‘उचल्या’ : दुसऱ्या वाटेची घडण

‘श्यामची आई’तील घर गरीब आहे, कर्जाने पोखरलेले आहे, तरी त्याला अब्रू, व्रते आणि शिक्षणाची परंपरा यांचा आधार आहे. असा आधार नसलेल्या घरांतील मुलग्यांचे काय, याचे उत्तर १९७० नंतरच्या आत्मकथनांनी दिले. या संदर्भात १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहता येतात.

आनंद यादव यांच्या ‘झोंबी’त कागलच्या एका शेतकरी कुटुंबातील मुलगा शिकण्यासाठी झगडतो. बाप त्याला शाळेतून काढून रानातल्या कामाला जुंपतो आणि स्वतः गावभर हिंडतो. येथे काम मुलग्याच्या वाट्याला भरपूर आहे. पण ते वाटून घेतलेले नाही, लादलेले आहे. ‘श्यामची आई’त श्रम मुलग्याला आईच्या जवळ नेतात, ‘झोंबी’त ते त्याला बापापासून दूर लोटतात. म्हणजे श्रमाने चारित्र्य घडते, असे सरसकट म्हणता येत नाही. मोठ्यांनी बरोबरीने केलेल्या श्रमानेच ते घडते. आई आणि मुलगा मिळून दत्ताजीराव देसाईंना मध्ये घालतात तेव्हा कोठे शाळा पुन्हा सुरू होते. पुढे सौंदलगेकर मास्तर कविता शिकवताना तल्लीन होतात आणि त्या तल्लीनतेत मुलाला पुरुष होण्याची एक निराळी रीत दिसते. घरातला बाप कमी पडला तेथे शिक्षकाने जागा भरली.

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ परभणीशेजारच्या लातूर जिल्ह्यातील आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या समूहांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यावरही ज्यांच्यावरील संशय गेला नाही, अशांपैकी एका जमातीची ही कथा आहे. येथे मुलांना चोरी शिकवली जाते आणि पोलिसांचा मार सोसूनही तोंड न उघडण्याची सवय लावण्यासाठी घरातच मार दिला जातो. अशा स्थितीत एक बाप आपल्या मुलाला शाळेत घालतो आणि त्यासाठी जातभाईंचा रोष पत्करतो. ‘श्यामची आई’तील पुस्तकासाठी केलेली चोरी आणि ‘उचल्या’तील पोटासाठीची चोरी यांना एकच मोजपट्टी लावता येत नाही. श्यामला पश्चात्तापाची सवड होती. त्याच्यामागे त्याच्यावर विश्वास ठेवणारे घर होते आणि समाजही. ज्या मुलाला समाजाने आधीच चोर ठरवले आहे, त्याच्या चारित्र्याची जबाबदारी केवळ त्याच्या आईवर टाकणे हा अन्याय होय. मुलगा घरात घडतो, तसा तो गावाच्या नजरेतही घडतो, हे ‘उचल्या’ने दाखवून दिले.

रेणुका, जनाबाई आणि राणीसावरगावचा परिसर

कोकणातील पालगडच्या श्यामची कथा मराठवाड्याच्या मातीत कशी वाचली जावी, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. राणीसावरगावच्या परिसराजवळ या विषयावर विचार करण्यासाठी स्वतःची दोन मोठी प्रतीके आहेत.

पहिले प्रतीक रेणुकेचे. राणीसावरगावात रेणुकादेवीचे मंदिर आहे आणि माहूरच्या रेणुकेचा महिमा साऱ्या मराठवाड्यात आहे. रेणुकेची कथा आई आणि मुलग्याचीच कथा आहे. जमदग्नीच्या आज्ञेवरून परशुराम आईचा शिरच्छेद करतो आणि पित्याने प्रसन्न होऊन वर दिल्यावर आईचे प्राण परत मागतो. या कथेचे अर्थ भाविकांनी परीने लावले आहेत. चारित्र्यघडणीच्या अंगाने पाहिले तर ती एक कठोर प्रश्न विचारते. बापाचा संशय आणि बापाचा क्रोध मुलग्याच्या हाताने आईवर कोसळतो. आज्ञाधारकपणा हाच एकमेव गुण मानला तर हातात परशूही येऊ शकतो. ‘मोठ्यांचे ऐकणारा मुलगा’ ही चांगल्या मुलग्याची व्याख्या किती अपुरी आहे, हे या कथेइतके तीव्रतेने क्वचितच कोठे दिसते. समाजाने मात्र परशुरामाच्या आज्ञापालनापाशी न थांबता रेणुकेला देवी म्हणून पूजले, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

दुसरे प्रतीक जनाबाईचे. परंपरेने जनाबाईचे जन्मस्थान मानलेले गोदाकाठचे गंगाखेड हेच राणीसावरगावच्या तालुक्याचे ठिकाण आहे. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या या संत कवयित्रीच्या अभंगांत विठ्ठल तिच्या कामाला येतो. तो तिच्यासोबत दळतो, केर काढतो, गोवऱ्या वेचतो. देव पुरुषरूपात आहे आणि तरी एका दासीच्या जात्याचा खुंटा धरण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. साने गुरुजींनी ‘अर्धनारी नटेश्वर’मध्ये जे सांगितले, ते या गोदाकाठच्या बाईने सुमारे सहा शतके आधी देवालाच करायला लावले होते. म्हणून श्यामचे जात्यावर बसणे हा या भागातील वाचकाला परका संस्कार वाटण्याचे कारण नाही. घरकाम करणाऱ्या मुलग्याला ‘बायल्या’ म्हणून हिणवणारे गाव विठ्ठलाला मात्र तसे म्हणत नाही. भक्तीत मान्य केलेली गोष्ट संसारात नाकारायची, हा दुटप्पीपणा जनाबाईच्या तालुक्यात तरी अधिक बोचायला हवा.

आजचे वास्तव या प्रतीकांहून कठीण आहे. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. फडात दोघेही राबतात. पण पहाटे उठून स्वयंपाक करणे आणि परत आल्यावर चूल पेटवणे बाईच्याच वाट्याला येते. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात असतात. काही आईबापांसोबत फडावर जातात आणि त्यांची शाळा बुडते. अशा मुलग्याला ‘श्यामची आई’ वाचून दाखवताना आईच्या मायेचे गोडवे गायले तर आपली आई जवळ नाही एवढेच त्याला टोचेल. त्याऐवजी त्याला ‘पत्रावळ’ आणि ‘अळणी भाजी’ वाचायला दिले, वसतिगृहात भांडी घासण्याची पाळी मुलग्यांवरही आली, गावी परतलेल्या बापाने मुलादेखत पाण्याची घागर उचलली, तर ग्रंथाचे म्हणणे त्याच्यापर्यंत पोचेल. आई दूर असतानाही तिच्या कष्टांची जाण मुलग्यात रुजवता येते. ती रुजवण्याचे काम आजोबांचे, मास्तरांचे, वसतिगृहाच्या अधीक्षकाचे आणि शेवटी बापाचे आहे.

ग्रंथाचा शेवटही याच दिशेने बोट दाखवतो. आई अखेरच्या आजारात असताना श्याम शिक्षणासाठी पुण्यात असतो. तो घरी पोचतो तेव्हा ती गेलेली असते. ज्या मुलग्याने तिच्यासोबत दळले, तो शेवटच्या क्षणी तिच्या उशाशी नव्हता. बेचाळीस रात्रींचे सांगणे या न फिटलेल्या ऋणातून आले आहे. गावाबाहेर शिकायला किंवा कमवायला गेलेल्या प्रत्येक मुलग्याच्या मनातला हा सल या शेवटात व्यक्त झाला आहे आणि ग्रंथाच्या दीर्घ लोकप्रियतेचे एक कारण तेथेच असावे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की ‘श्यामची आई’ हा मातृस्तुतीचा ग्रंथ असला तरी त्याचे खरे कार्य मुलग्याला अपुऱ्या पुरुषपणातून बाहेर काढण्याचे आहे. त्यासाठी ग्रंथ तीन गोष्टी सुचवतो. मुलग्याने घरातील कष्टांत प्रत्यक्ष वाटा उचलावा. बापाने आपल्या वागण्यातून स्त्रीविषयीचा आदर दाखवावा. आणि मोठ्यांच्या मर्यादा ओळखून मुलाने त्यांच्यापुढे जावे. ‘झोंबी’ आणि ‘उचल्या’ यांनी त्यात चौथी गोष्ट जोडली : घर कमी पडते तेथे शाळेने आणि गावाने मुलग्यावर विश्वास ठेवावा.

अक्काची न सांगितलेली कथा, माराचे समर्थन आणि जातीचा पाश या ग्रंथाच्या उणिवा आहेत. त्या झाकून ग्रंथाची पूजा करण्यापेक्षा त्या दाखवून तो वाचणे हे त्याच्या लेखकाला अधिक मानवले असते, कारण आपल्या आईच्या मर्यादाही त्याने प्रेमापोटी लपवल्या नाहीत. गंगाखेड तालुक्यात विठ्ठलाने जनीचे जाते ओढल्याची गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. ती ऐकून मोठा झालेला मुलगा घरात जेवून ताट तसेच टाकून उठत असेल, तर श्यामची गोष्ट त्याला अजून सांगायची राहिली आहे, असेच समजावे लागेल.